'पेट्रेल' या एका शब्दाची नोंद करताना : कामाची डायरी

आमचं काम थोडक्यात असं. काही हौशी पक्षीवाले आणि भाषांतर करणारे मिळून समुद्रपक्ष्यांचा इंग्रजी-मराठी शब्दसंग्रह करतोय, फुकट, कुणालाही वापरता येईल असा. प्रत्येक शब्दाला उच्चार, अर्थ, वापर आणि छापील उदाहरणं हवीत. कुरव (सीगल) आणि सुरय (टर्न) आधीच कुणीतरी पटकावले (ते सोपे, मराठी नावं तयारच आहेत), माझ्या वाट्याला पेट्रेल आला. दुसरं कुणी असाच संग्रह करत असेल तर त्यांचा वेळ वाचावा म्हणून हे लिहून ठेवतेय.

५ जुलै २०२५

पहिला मसुदा चहा होईपर्यंत लिहून झाला. 'पेट्रेल (पु.) : एक लहान, काळसर समुद्रपक्षी.' बऱ्याच छोट्या इंग्रजी-मराठी कोशांत साधारण अशीच ओळ असते, म्हटलं चला, झालं.

संध्याकाळी ग्रुपवर टाकलं तर एकाने फक्त एक फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नाही. दक्षिण महासागरातला जायंट पेट्रेल, पंखांचा पसारा दोन मीटरच्या आसपास, वजन पाच किलोच्या घरात, आणि पेंग्विनचं पिल्लू फाडून खातोय. लहान म्हणे.

म्हणजे नुसता 'पेट्रेल' हा शब्द पक्ष्याचा आकार सांगतच नाही. चोचीवर नळीसारख्या नाकपुड्या असलेले समुद्रपक्षी असतात, अल्बट्रॉसच्या गोतावळ्यातले, त्यातल्या बऱ्याच जणांना पेट्रेल म्हणतात. लहान म्हणजे त्यातले स्टॉर्म पेट्रेल. युरोपातला जेमतेम पंचवीस ग्रॅमचा, आपल्या अरबी समुद्रात येतो तो विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल पस्तीस-चाळीस ग्रॅमचा. कोशातली ती ओळ खरं तर स्टॉर्म पेट्रेलची, कुणीतरी आधीचा शब्द गाळला आणि पुढचे सगळे तेच उतरवत गेले.

फाइलमध्ये आता दोन शीर्षकं केली, पेट्रेल वेगळा आणि स्टॉर्म पेट्रेल वेगळा. पुढचं बहुतेक काम दुसऱ्याचं आहे.

८ जुलै

उदाहरणं शोधायला बसले. देवनागरीत 'पेट्रेल' टाकलं की सर्च इंजिन विचारतं, तुम्हाला पेट्रोल म्हणायचंय का? नाही हो. तरी खाली आजचे भाव, जिल्हावार. फोनचा कीबोर्ड तर विचारतही नाही, थेट बदलून मोकळा होतो, त्यामुळे आमच्या ग्रुपवर 'काल पेट्रोल दिसला का' असले मेसेज आहेत.

उपाय : सर्चमध्ये शब्द अवतरणात टाकायचा आणि पुढे वजाचं चिन्ह लावून 'पेट्रोल' वगळायचं. कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दयादीत 'पेट्रेल', 'पेट्रेलचा', 'पेट्रेलला', 'पेट्रेलचे' हे सगळे वेगवेगळे घालायचे, कारण मूळ शब्द घातला तरी प्रत्यय लागला की तो परत पंपावर जातो.

उच्चाराच्या रकान्यात मजा आली. मला वाटत होतं ही देवनागरीची अडचण आहे, पण इंग्रजीत तर दोन्ही शब्दांचा उच्चार हुबेहूब एकच, 'पेट्रल'. म्हणजे आपण स्पेलिंग बघून पेट्रोल आणि पेट्रेल असे दोन वेगळे केले ते उलट बरं झालं. इंग्रजी पेपरांतसुद्धा 'स्टॉर्मी पेट्रोल' छापलेलं सापडतं, आणि ते शोधायलाच हवं नाहीतर निम्मी उदाहरणं हातची जातात. शीर्षक 'पेट्रेल' ठेवलं, उच्चाराच्या टिपेत 'इंग्रजीत पेट्रल, पेट्रोलप्रमाणेच' असं घातलं.

१३ जुलै

आख्खा रविवार गेला. जुन्या दिवाळी अंकांच्या पीडीएफ मिळाल्या होत्या, त्यात शोधू म्हटलं. शोध शून्य. कारण फाइल युनिकोडमध्ये नाहीच, जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये आहे, कॉपी केलं की सगळी चिन्हांची भेळ येते. कन्व्हर्टर लावला तर रफार आणि जोडाक्षरं तुटली आणि 'ट्रे'चं काय झालं ते बघवत नव्हतं, म्हणजे नेमका आपला शब्द.

शेवटी पानांच्या इमेज करून टेसरॅक्ट या प्रोग्रॅमने ओसीआर केलं (म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढला), मराठीचं मॉडेल घालून. ३०० डीपीआयच्या खाली स्कॅन असेल तर नाद करू नका. आणि शोधताना 'पेट्रेल', 'पेट्रल', 'पेटरेल', 'पेट्रोल' चारही रूपं घ्या.

इंग्रजी जुन्या पेपरांसाठी एका सशुल्क साइटची महिन्याची वर्गणी भरली होती, ती वाया गेली म्हणायला हरकत नाही, कारण ऑस्ट्रेलियाचं 'ट्रोव्ह' आणि न्यूझीलंडचं 'पेपर्स पास्ट' दोन्ही फुकट आहेत आणि तिकडच्या लोकांचं आयुष्यच जहाजांवर अवलंबून होतं, पेट्रेल ढिगाने सापडतो. आधी फुकटचं बघा.

२० जुलै

व्युत्पत्ती. एका ओळीत उरकणार होते, पण हे प्रकरण चांगलंय.

विल्यम डँपियर, चाचेगिरीही करून झालेला इंग्रज दर्यावर्दी, त्याच्या १७०३च्या प्रवासवर्णनात लिहितो की हे पाखरू उडता उडता पायांनी पाण्यावर थापा मारत जातं, जणू पाण्यावर चालतंय, म्हणून खलाशी त्याला सेंट पीटरवरून पेट्रेल म्हणतात. पीटर म्हणजे आपल्या मराठी बायबलातला पेत्र. मत्तयाच्या चौदाव्या अध्यायात तो येशूकडे पाण्यावरून चालत निघतो, आणि वारा बघून घाबरतो तसा बुडायला लागतो. (पाखरू बुडत नाही, पेत्र बुडत होता, हे खलाशांनी सोयीने सोडून दिलं.)

पण डँपियरच्याही आधी सतराव्या शतकात 'पिटरल' असं स्पेलिंग सापडतं, त्यामुळे पीटरची गोष्ट मागाहून जोडलेली असू शकते, असं कोशकार सावधपणे म्हणतात. मी नोंदीत 'पारंपरिक समजुतीनुसार' घातलं. शास्त्रीय नावात मात्र शंका नाही, युरोपातल्या स्टॉर्म पेट्रेलची प्रजाती हायड्रोबेटिस, ग्रीकमध्ये 'पाण्यावर चालणारा'. म्हणजे खलाशी आणि शास्त्रज्ञ दोघांनी तेच बघितलं, पंखांनी हवेत तोल धरून, पाय खाली सोडून, लाटेवर पावलं टाकत पाण्यातला बारीक जीव टिपणं.

आणि पेट्रोल? ते 'पेट्रा' म्हणजे खडक आणि 'ओलियम' म्हणजे तेल. पीटर हे नावसुद्धा खडकावरूनच. पीटरची गोष्ट खरी धरली तर दोन्ही शब्द एकाच खडकातले. त्यात भर म्हणजे या पाखराच्या पोटात खरंच तेल असतं, छेडलं तर तोंडातून उडवतं, आणि स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर पूर्वी वाळवलेल्या स्टॉर्म पेट्रेलमधून वात ओवून दिव्यासारखा जाळत असं सांगतात. हे नोंदीत घालायचा मोह झाला, आवरला. कोशाची नोंद आहे, कीर्तन नाही.

२ ऑगस्ट

आता दुसरा अर्थ, आणि माझ्या मते या शब्दाची खरी गोम इथेच आहे.

इंग्रजीत 'स्टॉर्मी पेट्रेल' माणसालाही म्हणतात. मूळ खलाशांचा समज की हे पाखरू जहाजाजवळ दिसलं की वादळ आलंच. कारण साधं असावं, खराब हवेत पाखरं जहाजाच्या आडोशाला येतात, शिवाय जहाजामागच्या घुसळलेल्या पाण्यात खायला मिळतं. पण खलाशाला दिसतं ते एवढंच की हे आलं आणि पाठोपाठ ते आलं. म्हणून इंग्रजी कोशांत लाक्षणिक अर्थ काहीसा वाईटच आहे, जिथे जाईल तिथे भांडण नेणारा, किंवा ज्याचं येणंच संकटाची खूण असतो असा माणूस.

आणि आपल्याकडचे इंग्रजी पेपर उघडा. कुणी बंडखोर पुढारी गेला की मृत्युलेखात 'भारतीय राजकारणातला स्टॉर्मी पेट्रेल'. कामगार पुढारी, समाजवादी, संपादक, सगळ्यांना हेच. आणि ते शंभर टक्के कौतुक असतं! म्हणजे निर्भीड, कुणाला न जुमानणारा. लंडनच्या कोशाचा अर्थ लावला तर ती शोकसभेत दिलेली शिवी होईल.

मराठी भाषांतरात इथे दोन्ही बाजूंनी पडायला होतं. कौतुकाचा वापर असेल तर 'वादळी व्यक्तिमत्त्व' चपखल बसतं, मराठी वाचकाला ते सवयीचंही आहे. पण एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी मजकुरात आला असेल तर 'वादळी व्यक्तिमत्त्व' लिहून लेखकाने मारलेली चपराक आपण गोंजारणं करून टाकतो. तिथे आपला शब्द आहे की, 'पांढऱ्या पायाचा'. अर्थ जवळजवळ मापात बसतो, हा आला की विपरीत घडणार. फक्त विल्सन्स स्टॉर्म पेट्रेलच्या पायाच्या बोटांमधला पडदा पिवळा असतो, तेवढं पक्षीवाल्यांनी सांभाळून घ्यावं.

ग्रुपवर एकाने सुचवलं 'पावशा' म्हणा, तोही पावसाची वर्दी देतो. नाही. पावशाची आपण वाट बघतो, 'पेरते व्हा' ऐकून शेतकऱ्याला बरं वाटतं. या पाखराला बघून खलाशाच्या पोटात गोळा यायचा. वर्दी दोघेही देतात पण ऐकणारा वेगळा आहे.

नोंदीत अर्थ २अ आणि २आ असे फोडले, २आ समोर 'भारतीय इंग्रजीत' ही खूण.

१७ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा झाली, बोटी बाहेर पडल्या, मी मालवणला. कोळ्यांकडे या पाखराला नाव असेल तर तेच शीर्षक करायचं हा विचार, आयात शब्द कशाला.

छापील फोटोंची लॅमिनेट केलेली कार्डं नेली होती, ३४० रुपये. बंदरावर एका वयस्क तांडेलकाकांना (तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख) दाखवली. त्यांनी नीट बघितलं, कार्ड उलटंही करून बघितलं, आणि म्हणाले, "पाखरू ता."

म्हटलं काका, पण नाव काय त्याचं?

"नाव कित्याक व्हया बाय? जाळ्यात गावना नाय, बाजारात इकना नाय. आमी पाखरू म्हणतो, झाला."

इतकं स्वच्छ उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. शिवाय हिशोब बघा. विल्सन्स अंटार्क्टिकाच्या बाजूला वीण उरकून, तिकडचा हिवाळा लागला की विषुववृत्त ओलांडून आपल्याकडे येतो, आपल्या समुद्रात तो मुख्यतः मे ते सप्टेंबर-ऑक्टोबर, तोही किनाऱ्यापासून लांब. आणि आपली मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. पाखरू भर हंगामात असतं तेव्हा बोटी वाळूवर शाकारलेल्या. पूर्वी तर शिडाच्या होड्या पावसात बाहेर पडायच्याच नाहीत. भेटच नाही तर नाव कसलं पडणार.

दुसऱ्या दोघांनी मात्र कार्ड बघून ठामपणे सांगितलं, हो हो, हे दिसतं, थव्याने पाण्यावर बसतं आणि गोल गोल फिरतं. मी खूश, लगेच स्थानिक वर्णन म्हणून लिहून घेतलं.

७ सप्टेंबर

गोल गोल फिरणारं ते पाखरू पेट्रेल नव्हे. तो लाल मानेचा फॅलरोप, चिखलपक्ष्यांच्या कुळातला, हिवाळ्यात अरबी समुद्रात मोठ्या संख्येने येतो आणि पाण्यावर बसून भिंगरीसारखा फिरतो, त्याने खालचं खाद्य वर येतं. वर्णन अगदी बरोबर होतं, कार्ड चुकीचं होतं. माझ्या कार्डांवर स्टॉर्म पेट्रेल, सुरय आणि जायंट पेट्रेल सगळे एकाच मापाचे छापलेले! ज्याने आयुष्यभर पाखरं लांबून, बोटीवरून, आकारावर आणि उडण्यावर ओळखली त्याच्यापुढे मी क्लोजअप धरला.

ती नोंद काढून टाकली. नवीन साधन : जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून खऱ्या मापाच्या काळ्या आकृत्या कापल्या. विल्सन्स १६ ते १८ सेंटिमीटर, म्हणजे बुलबुलाहूनही थोडा लहान, पंख पसरले की ४० सेंटिमीटरच्या आसपास. पाठीमागे खडूने विल्सन्सची खूण असलेला पांढरा कंबरपट्टा काढला. खर्च शून्य. कुणी कोळ्यांकडून पक्ष्यांची नावं गोळा करणार असेल तर फोटो घरी ठेवा, आकृत्या न्या, आणि 'हे काय' विचारण्याआधी 'हे काय करतं' विचारा.

२१ सप्टेंबर

आकृत्या नेल्यावर चित्र बदललं. एका तरुण खलाशाने कंबरपट्टा बघितला आणि म्हणाला जाळं ओढताना मागे येतात ही, आणि खिशातून फोन काढून व्हिडिओच दाखवला. ट्रॉलरच्या मागे फेसाळ पाणी, त्यावर पाच-सहा काळी पाखरं, पाय खाली सोडून नाचतायत. तीनशे वर्षांपूर्वी डँपियरने लिहिलेलं पायांच्या थापांचं वर्णन, मागे इंजिनाची धडधड आणि कुणाचं तरी मालवणीत ओरडणं.

त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलं तेव्हा पाखरं म्हणजे फक्त ठिपके झाले होते. डॉक्युमेंट म्हणून परत पाठवायला सांगितलं, मग नीट आलं. फ्रेम थांबवून बघितलं : पांढरा पट्टा कंबरेवरून दोन्ही बाजूंना खाली उतरलेला, पाय शेपटीच्या बाहेर डोकावतायत, म्हणजे विल्सन्स. आपल्याकडून जाणारा दुसरा एक, स्विनहोज स्टॉर्म पेट्रेल, त्याला हा पट्टा नसतोच, कंबर काळी.

व्याख्येत 'पाण्यावर चालणारा' होतं ते काढून 'उडत असताना पावलांनी पाणी थोपटत खाद्य टिपणारा' केलं. लांब झालं पण चालेल.

५ ऑक्टोबर

शीर्षकाचा वाद. ग्रुपमध्ये तीन मतं : वादळी पाखरू, वादळपाखरू, आणि आहे तसं स्टॉर्म पेट्रेल.

माझं मत 'वादळी'च्या विरुद्ध. इंग्रजीत पक्षीतज्ज्ञांनी 'स्टॉर्मी' सोडून 'स्टॉर्म' धरलंय, 'स्टॉर्मी पेट्रेल' आता बहुतेक माणसांसाठीच उरलाय. आपणही तीच फूट ठेवली तर वाचकाला लगेच कळेल पक्षी की पुढारी. शिवाय 'वादळी पाखरू' म्हटलं की पाखराचा स्वभाव वादळी वाटतो, आणि हा बापडा चाळीस ग्रॅमचा जीव, वर्षाला एकच अंडं घालतो, कुरव आणि स्कुआ खातील या भीतीने बिळातल्या घरट्यात रात्रीच्या अंधारात येतो-जातो. वादळाशी संबंध आहे, स्वभावाशी नाही.

इतर भाषांत काय करतात तेही पाहिलं. जर्मनमध्ये 'वादळाची पाकोळी' अशा अर्थाचा शब्द आहे, डचमध्ये 'छोटं वादळपाखरू'. पोर्तुगीजमध्ये युरोपातल्या जातीला चक्क 'तांडेलाचा आत्मा' म्हणावं अशा अर्थाचं नाव आहे, बुडालेल्या खलाशांचे आत्मे ही पाखरं होतात या समजुतीशी जुळणारं. इंग्रज खलाशीही 'मदर केरीची पिल्लं' म्हणायचे, तेही बहुधा 'प्रिय माते' अशा अर्थाच्या लॅटिन हाकेवरून आलेलं, संकटात मेरीला मारलेली.

ठरलं असं : मुख्य शीर्षक 'स्टॉर्म पेट्रेल', त्याखाली 'वादळपाखरू (न.)' सुचवलेला पर्याय म्हणून. लिंगावरून अजून अर्धा तास गेला, तो पेट्रेल पण ते पाखरू. दोन्ही दिलं.

२७ ऑक्टोबर

सकाळपासून बातम्यांत रशियाचं अणुइंजिनावर चालणारं क्षेपणास्त्र, ब्युरेवेस्टनिक. १४,००० किलोमीटर उडालं असा दावा. ग्रुपवर विचारणा, रशियन शब्दाचा अर्थ स्टॉर्म पेट्रेल ना, मग घाल नोंदीत.

शब्दशः 'वादळाची वर्दी देणारा', बरोबर. पण रशियन पक्षीतज्ज्ञ हा शब्द मोठ्या पेट्रेलच्या आणि त्यांच्या नात्यातल्या शिअरवॉटर पक्ष्यांच्या गटाला वापरतात, आपल्या चिमुकल्या स्टॉर्म पेट्रेलला त्यांच्याकडे 'काचुर्का' असा वेगळाच शब्द आहे. गोंधळ झाला तो मॅक्सिम गॉर्कीच्या १९०१च्या कवितेमुळे, इंग्रजीत गेली ती 'स्टॉर्मी पेट्रेल' होऊन. त्यातला पक्षी क्रांतीच्या वादळाला आनंदाने सामोरा जाणारा, त्याच्यात अपशकुन वगैरे काही नाही. आपल्याकडच्या डाव्या चळवळीत गॉर्की घरोघरी वाचला जायचा, त्यामुळे मृत्युलेखांतला तो कौतुकाचा २आ अर्थ काही अंशी या वाटेने पक्का झाला असावा असं मला वाटतं. पण वाटण्याला कोशात जागा नाही, म्हणून ते इथेच लिहून ठेवतेय.

क्षेपणास्त्र नोंदीत घातलं नाही. 'पेट्रेल' खाली फक्त एक ओळ : रशियन ब्युरेवेस्टनिकचं भाषांतर 'स्टॉर्म पेट्रेल' करू नये, 'पेट्रेल' करावं.

९ नोव्हेंबर

तपासणाऱ्यांकडून नोंद परत आली. एक आक्षेप, २अ साठी 'पांढऱ्या पायाचा' बोलीभाषेतला आहे आणि बायकांना लावून फार दुखावणारा वापर झालाय, काढा. दुसरा पर्याय त्यांनी दिला 'वादळाचा अग्रदूत'. मी म्हटलं अग्रदूत सन्मानाचा शब्द आहे, परत चपराकीचं गोंजारणं होतं. शेवटी 'अपशकुनी' वर तडजोड झाली आणि 'पांढऱ्या पायाचा' टिपेत गेला, 'जपून वापरावा' अशी सूचना लावून. आक्षेप बरोबर होता, पण शब्द गाळला असता तर मी भांडले असते.

नोंद जशी गेली तशी :

स्टॉर्म पेट्रेल (पु.), वादळपाखरू (न.) : १. खुल्या समुद्रावर राहणाऱ्या, नळीसारख्या नाकपुड्यांच्या सर्वांत लहान पक्ष्यांपैकी कोणताही. उडत असताना पावलांनी पाणी थोपटत खाद्य टिपणारा. अरबी समुद्रात मुख्यतः विल्सन्स. २. ('स्टॉर्मी पेट्रेल' या रूपात, माणसाविषयी) अ. अपशकुनी, जाईल तिथे तंटा नेणारा. आ. (भारतीय इंग्रजीत) बंडखोर, वादळी व्यक्तिमत्त्वाचा. शीर्षक 'पेट्रेल' पाहा.

कापलेल्या आकृत्यांची पीडीएफ खऱ्या मापात ग्रुपच्या फोल्डरमध्ये टाकलीय, प्रिंट करताना 'फिट टू पेज' बंद करा नाहीतर पाखरं परत लहान-मोठी होतील. पुढचा शब्द शिअरवॉटर.